‘खंड’ हा शेरा आणि त्यामागचा हिशेब

जनरल नर्सिंगची पदविका घेऊन, परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल करून, आणि मग संसाराच्या ओढीने दहा-बारा वर्षे घरी राहून एखाद्या स्त्रीने आयुष्यातील पहिल्या नोकरीसाठी अर्ज केला, की तो मेट्रनच्या नजरेस पडण्यापूर्वीच दप्तरात निकालात निघतो. अर्जाच्या कोपऱ्यात ‘खंड’ एवढा एकच शब्द लिहिला जातो, आणि तो लिहिणाऱ्याची प्रामाणिक समजूत अशी असते, की या शब्दाने आपण कोणा अज्ञात रुग्णाचे रक्षण केले. मालवणपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर असा शेरा घेऊन परत आलेल्या स्त्रिया मला ठाऊक आहेत. कोणी आचऱ्याची, कोणी देवबागची, कोणी मसुऱ्याची. मी सरकारी प्रशिक्षण केंद्रांतून पाठ्यनिर्देशिका म्हणून काम करून निवृत्त झाले आणि आता मालवणात राहते, सबब या स्त्रिया आपली कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याकडून, आणि रुग्णालये चालवणाऱ्या काही सुविद्य मंडळींकडूनही, या शेऱ्याचे समर्थन मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे हे मी माझे कर्तव्य समजते.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडले पाहिजे. ते असे: परिचर्या ही केवळ पुस्तकी विद्या नव्हे, ती हाताची विद्या आहे, शीर शोधून कॅन्युला लावणारी बोटे, रुग्णाच्या ओठांचा रंग बदलताच सावध होणारी नजर आणि मध्यरात्री एकाच वेळी तीन खाटांवरून हाक आली असता कोणाकडे आधी धावावे हे ठरवणारी बुद्धी ही रोजच्या सरावाने घडतात आणि सराव सुटला की मंदावतात, औषधे बदलतात, उपकरणे बदलतात, नियम बदलतात, म्हणून जिने पदविका मिळाल्यानंतर एक दिवसही वॉर्डात काढला नाही, तिच्या स्वाधीन अत्यवस्थ रुग्ण करणे हा रुग्णाचा विश्वासघात होय, आणि जी एकदा घरी बसली ती पुन्हा बसणार नाही, याची हमी कोणी द्यावी? हा युक्तिवाद ऐकणाऱ्याला निरुत्तर करतो, कारण तो रुग्णाच्या नावाने केलेला असतो, आणि रुग्णाच्या नावाने मांडलेल्या गोष्टीला हरकत घेण्यास सज्जन माणूस सहसा धजत नाही.

त्यातील पहिला भाग मला मान्य आहे. हात विसरतात, ही गोष्ट खरी. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवण्याचे कौशल्य प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच ओसरू लागते, असे या विषयाच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन त्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोनच वर्षे ग्राह्य धरते, त्याचे कारणही हेच. परंतु हे विस्मरण घरी राहिलेल्या स्त्रीलाच होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे केसपेपर हाताळणाऱ्या, किंवा भांडारगृहाचा हिशेब सांभाळणाऱ्या कायम नोकरीतल्या परिचारिकेलाही ते तितकेच होते, कारण तिच्यासमोरही तसा रुग्ण क्वचितच येतो. तेव्हा या भयातून न्याय्य निष्कर्ष काढायचा तर तो इतकाच निघतो, की सर्वांची ठरावीक मुदतीने परीक्षा घ्यावी. एका वर्गाला परीक्षेलाच बसू देऊ नये, हा निष्कर्ष त्यातून कोणत्याही तर्काने निघत नाही.

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढून झावळ्यांखाली शाकारून ठेवतात. पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी मालक फळ्यांचे सांधे बोटांनी चाचपून पाहतो, फट दिसेल तेथे ती बुजवतो, कुजलेली फळी असेल तर ती बदलतो. पण होडी इतके दिवस कोरडी पडली होती, एवढ्या एका कारणावरून ती जळणासाठी फोडावी असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तपासणे आणि टाकून देणे यांतील हा भेद आमच्या खलाशांना समजतो, तो रुग्णालयांच्या दप्तरांना समजू नये, याचा मला खेद होतो.

खंडाच्या काळात नेमके काय बदलले, याची मोजदाद करण्याचे कष्ट प्रतिपक्षाने घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सगळेच बदलले असे मोघम म्हणणे सोयीचे असते. पण मोजायला बसले, की ही यादी भयावह वाटत नाही. २००९ साली उत्तीर्ण झालेल्या स्त्रीने पुनरुज्जीवनाचा क्रम असा पाठ केलेला असतो, की आधी श्वासमार्ग मोकळा करावा, मग श्वास द्यावा, आणि त्यानंतर छाती दाबावी. २०१० साली हा क्रम बदलला आणि छाती दाबणे पहिल्या स्थानी आले. तिने शिकलेले जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ सालचे, त्यांत काळी पिशवी होती. २०१६ च्या नियमांत पिवळा, लाल, पांढरा आणि निळा एवढेच रंग उरले. लहान मुलांच्या लसीकरणाच्या तक्त्यात पेंटाव्हॅलंट आली, रोटाव्हायरस आली, न्यूमोकोकलची लस आली. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, त्या चुकल्या तर अनर्थ होतो. परंतु त्यांपैकी कोणतीही अशी नाही, की जी शिक्षणाचा पाया पक्का असलेल्या स्त्रीला काही आठवड्यांत आत्मसात करता येऊ नये.

गेल्या पावसाळ्यात आचऱ्याकडची अशीच एक मुलगी (मुलगी म्हणते, पण तिचा थोरला मुलगा आता सातवीत आहे) माझ्याकडे आली असता मी तिच्यापुढे टेबलावर इन्सुलिनच्या दोन सिरिंजा ठेवल्या, एक लाल टोपणाची आणि दुसरी नारिंगी टोपणाची; शेजारी एक जुनी कुपी पाणी भरून ठेवली, आणि वीस युनिट भरून दे, एवढेच सांगितले. तिने सिरिंजेला हातही लावला नाही. आधी कुपी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, लेबलावरील बारीक अक्षरे ओठ हलवत वाचली, ‘४०’ या आकड्यावर नख टेकवले, आणि मग लाल टोपणाची सिरिंज घेऊन पाणी ओढले. हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणला आणि बाहेर काढला. नंतर तिने दुसऱ्या सिरिंजेकडे पाहून विचारले, “बाई, ही शंभरची ना? आम्ही शिकताना वॉर्डात ही नव्हती.” चाळीस ताकदीचे औषध शंभराच्या सिरिंजेने मोजले तर रुग्णाला निम्म्याहूनही कमी इन्सुलिन मिळते, आणि शंभर ताकदीचे औषध चाळीसच्या सिरिंजेने मोजले तर ते अडीचपट जाते, हे मी तिला समजावून सांगितले, पण खरे सांगायचे तर सांगण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. अपरिचित वस्तू हाती आली असता थांबणे, लेबल वाचणे आणि विचारणे, ही सवय तिच्या अंगी प्रशिक्षणाच्या काळातच मुरली होती. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री कोणत्याही वर्षी बदललेली नाही. ज्या परिचारिकेकडून औषधाची चूक होते ती बहुधा न वाचल्यामुळे आणि न विचारल्यामुळे होते, आणि न वाचण्याची व न विचारण्याची सवय, माझ्या दीर्घ अवलोकनावरून सांगते, घरी बसून लागत नाही. ती घाईच्या नोकरीत लागते.

आता अधिकाराचा प्रश्न पाहू. परिचारिका व्यवसायास योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिला आहे? महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये परिचारिकांची नोंदवही राज्याच्या परिचर्या परिषदेच्या स्वाधीन आहे. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास पूर्ण करावे लागतात. म्हणजे ज्ञान शिळे होते ही गोष्ट कायद्याने गृहीत धरली आहे, आणि ते ताजे करण्याचा मार्गही आखून दिला आहे. जी स्त्री कार्यशाळांना हजर राहून, आवश्यक ते शुल्क भरून आपले नूतनीकरण करून घेते, तिला परिषद व्यवसायाची अनुज्ञा देते. ती अनुज्ञा हाती असताना रुग्णालयाच्या दप्तरातील इसमाने तिचा अर्ज केवळ तारखा पाहून नामंजूर करावा, तिला एक प्रश्नही न विचारता, यात रुग्णाच्या सुरक्षेचा विचार कोठे आला? नियोक्त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे, हे मी नाकारत नाही. मात्र निवड करण्यासाठी आधी पाहावे लागते, आणि येथे पाहण्याचेच नाकारले जाते.

येथे प्रतिपक्ष अनुभवाचा मुद्दा पुढे करतो, आणि या मुद्द्यापाशी आले म्हणजे त्याच्या संपूर्ण युक्तिवादाचा खरा आधार उघडा पडतो. जिला कधीच पहिली नोकरी मिळाली नाही तिच्यापाशी अनुभव नाही, हे उघडच आहे. पण गेल्या महिन्यात निकाल लागलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीपाशी तो कोठे असतो? तिला मात्र नोकरी मिळते. म्हणजे अनुभवाची अट दोघींपैकी एकीलाच लावली जाते. आणखी पुढे जाऊन विचारते: आपल्या जिल्ह्यात, आणि केवळ आपल्याच जिल्ह्यात नव्हे, लहान खाजगी रुग्णालयांत रात्रपाळीला पांढरा झगा घालून जी मुलगी उभी असते, ती नेहमी नोंदणीकृत परिचारिका असते काय? बारावी नापास झालेली, डॉक्टरांच्याच हाताखाली सहा महिने सलाईन लावण्यास शिकलेली, आणि जिला रुग्ण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो अशी मुलगी कोणी पाहिलीच नाही, असे छातीला हात लावून म्हणणारा रुग्णालयचालक पुढे यावा. जो मनुष्य नोंदणीच नसलेल्या मुलीच्या हाती रात्रभर एक मजला सोपवतो, त्याने नोंदणीकृत परिचारिकेच्या खंडाविषयी रुग्णाच्या सुरक्षेचे कारण सांगू नये. त्या कारणावर बोलण्याचा अधिकार त्याने स्वतःच गमावला आहे.

मग कारण कोणते? ते वेतनाचे आहे आणि वचकाचे आहे. एकवीस वर्षांची मुलगी आठ-नऊ हजारांवर राहते, सलग दोन पाळ्या करते, मूळ प्रमाणपत्रे दप्तरात ठेवून घेतली तरी काही बोलत नाही, आणि दोन वर्षांनी मुंबईला किंवा आखाताकडे निघून गेली तर तिच्या जागी तितकीच स्वस्त दुसरी मिळते. पस्तिशीची स्त्री घर चालवून आलेली असते. ती हजेरीपत्रकावर किती तास लिहिले ते विचारते, भविष्यनिर्वाह निधीचे विचारते, आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली मात्रा कागदावर लिहून मागते. तिच्या या गुणांनी रुग्ण अधिक सुरक्षित होतो, पण रुग्णालयाचा खर्च वाढतो. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर केंद्र सरकारला खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाच्या प्रश्नासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला, आणि त्या समितीने अशी शिफारस केली, की पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेचे मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावे, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे असावे. ही शिफारस जेथे पाळली जाते तेथे स्वस्त मुलीची निवड करण्यात काही लाभ उरत नाही, आणि मग ‘खंड’ हा शब्दही एवढ्या सहजपणे लेखणीतून उतरत नाही.

याच जातीचा एक सल्ला या स्त्रियांना हितोपदेश म्हणून दिला जातो, की सहा महिने बिनपगारी काम करा, म्हणजे अनुभवाचा दाखला मिळेल. हा सल्ला मी संतापाने फेटाळते. त्या सहा महिन्यांत ती इंजेक्शने देते, ड्रेसिंग करते, प्रसूतीला उभी राहते. म्हणजे तिचे काम रुग्णालयाला चालते, तिच्यावर रुग्ण सोपवलेला चालतो, आणि तिच्या सेवेचे बिल रुग्णाकडून वसूल झालेलेही चालते. फक्त पगार द्यायची वेळ आली की तिचे हात असुरक्षित ठरतात. फुकट काम करताना जी सुरक्षित असते ती वेतन घेताना असुरक्षित कशी होते, याचे उत्तर प्रतिपक्षाने द्यावे.

फार दूर न जाता अलीकडच्या इतिहासाचेच प्रमाण देते. ८ एप्रिल २०२० रोजी राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिकांना, लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना आणि प्रशिक्षण घेऊनही सेवेत नसलेल्यांना कोरोनाच्या कामासाठी पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले, की बी.एस्सी. आणि जनरल नर्सिंग उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांना ज्येष्ठ डॉक्टर व परिचारिकांच्या देखरेखीखाली कोरोना रुग्णांच्या पूर्णवेळ सेवेत घ्यावे, आणि ज्यांनी किमान शंभर दिवस अशी सेवा केली त्यांना पुढील नियमित सरकारी भरतीत प्राधान्य द्यावे. त्या दिवसांत खंड किती वर्षांचा, हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती. देखरेखीखाली काम द्यावे आणि कामावरून पारख करावी, ही अत्यंत समंजस पद्धत संकटाने सर्वांना शिकवली. भयंकर संसर्गाच्या, प्राणवायूच्या टंचाईच्या त्या काळात जी पद्धत सुरक्षित मानली गेली, ती शांततेच्या काळात धोक्याची कशी ठरते, हे मला उमगत नाही.

आणि व्यवसायाच्या जुन्या इतिहासात डोकावले तर खंड हा परिचर्येचा कलंक नसून कित्येकदा तिचा उगमच होता असे दिसेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८४५ साली, पंचविशीत, रुग्णालयात शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखवली. घरच्यांनी ती मोडून काढली. १८५१ साली तिला कैसर्सवर्थ येथे अवघे काही महिने शिकता आले, आणि १८५३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील रुग्णालयात तिला पहिले पद मिळाले. पुढच्याच वर्षी ती क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीला गेली. आजच्या दप्तरी न्यायाने तिचा अर्ज टिकला नसता. आपल्याकडे पाहावे तर न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर रमाबाईंनी आपले आयुष्य ज्या कार्याला वाहिले, त्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ साली स्थापना झाल्यावर थोड्याच काळात ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रिया पाठवण्यास सुरुवात केली. त्या काळी परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणे, निरनिराळ्या जातींच्या रुग्णांची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीला निषिद्ध मानले जाई, म्हणून सुस्थितीतील घरांतून कोणी येण्यास तयार नव्हते. ज्या आल्या त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, शिक्षणाचे वय उलटून गेलेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्या आयुष्यातील जी वर्षे संसाराने किंवा वैधव्याने गिळली त्यांचा हिशेब सेवासदनाने मागितला असता, तर परिचारिकांची ती पिढी उभी राहिलीच नसती.

जी एकदा घरी बसली ती पुन्हा बसेल, या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही, कारण तो मांडणाऱ्याने ती घरी का बसली हे विचारलेलेच नसते. आमच्याकडे मुली शिकायला कोल्हापूरला, मिरजेला, बेळगावला, मुंबईला जातात. परत येतात त्या लग्नासाठी. नवरा बोटीवर किंवा मुंबईला, सासूला पक्षाघात, मूल लहान, आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत चौके-कट्ट्यावरून जाणारी एस.टी. रात्रपाळीच्या वेळेला धरून सुटत नाही. पुढे मुले मोठी होतात, सासू जाते, आणि ती स्त्री आपली पदविका ट्रंकेतून बाहेर काढते तेव्हा शेजारीण म्हणते, “आता तुका कोण घेतलो गो?” जी कारणे तिला घरी घेऊन आली होती ती एव्हाना संपलेली असतात, तिच्यापुढे सलग वीस-बावीस वर्षे नोकरीची असतात. ज्या मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुले व्हायची आहेत, आणि जिच्या हातात परदेशाचा अर्ज तयार आहे, तिच्यापेक्षा ही अधिक काळ टिकेल, हा साधा व्यवहार आहे.

खाजगी रुग्णालयांविषयी इतके बोलल्यावर सरकारला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या गट-क पदांची जाहिरात निघाली. तीत आरोग्यसेविकांची पदेही होती. उमेदवारांकडून अर्ज घेतले गेले, शुल्क घेतले गेले, आणि भरती वर्षानुवर्षे रखडून अखेर रद्द झाली; नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली. या चार वर्षांत ज्यांनी सरकारी नोकरीच्या भरवशावर वाट पाहिली, त्यांच्या आयुष्यात हा खंड कोणी पाडला? खुल्या वर्गासाठी अडतीस आणि मागासवर्गासाठी त्रेचाळीस ही वयोमर्यादा. एकविसाव्या वर्षी पदविका घेऊन पस्तिसाव्या वर्षी घरातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला त्या मर्यादेच्या आत भरतीची एखादीच संधी मिळते, आणि ती संधी अशी दप्तरात कुजली, की तिचा मार्ग कायमचा बंद होतो.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात? २०२१ साली ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि जिल्हा रुग्णालय त्याला संलग्न झाले. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, आणि अध्यापनाचे रुग्णालय असेल तर तीन रुग्णांमागे एक. म्हणजे महाविद्यालय झाल्याने गरज वाढली. तरीही सावंतवाडी-दोडामार्गकडचा अत्यवस्थ रुग्ण अजून बांबोळीला, गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो, आणि २०१८ पासून तेथे परप्रांतीय रुग्णाला शुल्क पडू लागले तेव्हा या जिल्ह्यात केवढा क्षोभ माजला होता, हे सर्वांना स्मरत असेल. डॉक्टर बाहेरून आणावे लागतात, हे मी समजू शकते. पण परिचारिका तर आपल्याच आचऱ्यात, मसुऱ्यात, देवबागेत बसल्या आहेत. त्यांना घर द्यावे लागत नाही, भाषा शिकवावी लागत नाही, आणि सहा महिन्यांनी बदलीचा अर्जही त्या करणार नाहीत.

ब्रिटनमध्ये नोंदणी टिकवण्यासाठी परिचारिकेला तीन वर्षांत किमान ४५० तास प्रत्यक्ष काम केल्याचे दाखवावे लागते, म्हणजे खंडाकडे तेथेही काटेकोरपणे पाहतात; परंतु जिचे तास भरत नाहीत तिच्यासाठी व्यवसायात परतण्याचा अभ्यासक्रम किंवा क्षमतेची परीक्षा, असा मार्ग ठेवलेला आहे. आपल्याकडे तशी तजवीज करणे अवघड नाही. ओरोसच्या महाविद्यालयात वर्षातून दोनदा सहा आठवड्यांचा वर्ग घ्यावा. पहिले दोन आठवडे पुतळ्यावर पुनरुज्जीवन, औषधांची मात्रा, कचऱ्याचे वर्गीकरण आणि नव्या लसींचा तक्ता, आणि पुढचे चार आठवडे अनुभवी अधिपरिचारिकेच्या देखरेखीखाली वॉर्डातील काम, तेही विद्यावेतन देऊन, फुकट नव्हे. त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. जी उत्तीर्ण होईल तिच्या अर्जावर सरकारी वा खाजगी दप्तराने ‘खंड’ हे कारण लिहू नये; जी अनुत्तीर्ण होईल तिला खुशाल परत पाठवावे, तिच्यासाठी मी एक शब्दही खर्च करणार नाही. परीक्षकांच्या मंडळात, माझे मत विचाराल तर, ज्या रुग्णालयचालकांना या स्त्रियांविषयी सर्वाधिक शंका आहे त्यांनाच अगत्याने बोलवावे. माझी अट एवढीच, की तीच परीक्षा, त्याच दिवशी, त्यांच्या रुग्णालयात आज रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचीही घ्यावी, आणि दोन्ही निकाल एकाच फलकावर लावावेत.